बोहेमियन रॅप्सडी इतकं टिकलं ते रेकॉर्डिंगमुळे की नशिबामुळे?

रानवारा: क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं हे गाणं सिनेमांमुळे गाजलं असं सारखं ऐकू येतं आणि मला ते अजिबात पटत नाही. १९७५ साल, कॉम्प्युटर नाही काही नाही, २४ ट्रॅकची टेप, म्हणजे एकाच टेपवर शेजारी-शेजारी २४ वेगळी रेकॉर्डिंग्ज. वेल्सच्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरुवात, मग लंडनमधले स्टुडिओ. गाण्याच्या मधल्या, ऑपेरासारख्या भागातला तो घोळका ऐकून वाटतं पन्नास माणसं गातायत, पण गाणारे बँडमधले तिघंच, गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर. ट्रॅक भरले की सगळे मिळून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे, बाकीचे मोकळे झाले की परत त्यावर गायचं. टेप इतकी फिरली की झिजून आरपार दिसायला लागली असं ब्रायन मे सांगतो. हेडफोन लावून त्या भागातली 'गॅलिलिओ'ची हाक ऐका, सगळ्यात वरची पट्टी रॉजरची आहे, ड्रमरची!

खडूस_कोल्हापुरी: मेहनत मान्य हो, पण मेहनतीची गाणी ढिगाने विस्मरणात गेलीत. अमेरिकेत गाण्यांच्या यादीत हे १९७६ ला ९व्या नंबरापर्यंतच गेलं. १९९२ ला 'वेन्स वर्ल्ड' सिनेमात या गाण्यावर गाडीत बसून माना हलवणारी पोरं आली आणि गाणं थेट २ऱ्या नंबरावर. त्याआधी १९९१ ला फ्रेडी गेला म्हणून इंग्लंडात परत पहिलं, मग २०१८ चा क्वीनवरचा सिनेमा. दर वेळी कुणीतरी बाहेरून हात दिलाय.

रानवारा: आणि १९७५ ला इंग्लंडात ९ आठवडे पहिला नंबर होता तो कुणी दिला? ५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं रेडिओवर चालणार नाही असं कंपनीवालेच म्हणत होते.

खडूस_कोल्हापुरी: रेडिओ निवेदक केनी एव्हरेटने दिला. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर एका वीकेंडला १४ वेळा वाजवलं त्याने, आणि तो फ्रेडीचा दोस्त. सरळ वशिला.

मेघना_ठाणे: वशिल्याने गाणं वाजेल दादा, पण दुकानात जाऊन रेकॉर्डला पैसे लोकांनीच मोजले ना. मित्राने वाजवलेलं वाईट गाणं १४ वेळा ऐकलं तर माणूस रेडिओ बंद करेल.

डेक्कनचा_ड्रमर: माझा आक्षेप वेगळाच आहे. ऑपेराचा भाग आला की बँड स्टेजवरून आत जायचा आणि टेप लागायची. स्टेजवर वाजवताच येत नाही ते रॉक कसलं, ती स्टुडिओतली कारागिरी झाली.

रानवारा: अहो मग कारागिरीच म्हणा, त्यात कमीपणा काय? नुसते ओठ हलवून लोकांना फसवलं तर नाही ना, सरळ आत निघून गेले. आणि टेप संपताच चौघं धावत येऊन गिटारचा तो तुकडा सुरू करतात तेव्हा हॉलमध्ये काय होतं ते लाइव्ह रेकॉर्डिंगवर ऐका एकदा.

पाचगणीकर: फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा, आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्सचा, तिथल्या हेक्टिक्स बँडमध्ये पियानो वाजवायचा, अभिमान आहेच. तरी मी खडूसरावांच्या बाजूने. १९९१ ला लोक गाणं नाही, गेलेला माणूस विकत घेत होते.

मेघना_ठाणे: पण मग त्याचं हेच गाणं का घेतलं? त्याची दुसरी काय थोडी होती?

खडूस_कोल्हापुरी: हा मुद्दा आहे खरा. पण १९९२ च्या नंबराचं श्रेय मी त्या गाडीतल्या पोरांनाच देणार, रेकॉर्डिंग तर १९७६ लाही तेच होतं.