कस्टमर कार्बनचा हिशोब मागतोय, सुरुवात कुठून करू?

एक्सेलग्रस्त: नमस्कार मंडळी, आमचं छोटं युनिट आहे, प्लास्टिकचे पार्ट मोल्ड करतो. मोठ्या कस्टमरचा मेल आलाय, त्यांना सीडीपीला (कंपन्यांकडून कार्बनची माहिती गोळा करणारी संस्था) माहिती द्यायचीय म्हणून आमचा स्कोप १, २, ३ सगळा डेटा हवाय. साहेबांनी मेल माझ्याकडे ढकलला, का तर म्हणे तुला एक्सेल येतं. जीएचजी प्रोटोकॉल, आयएसओ १४०६४, ५०००१ वाचून डोकं गरगरायला लागलंय, यातलं नेमकं धरायचं काय? हाताशी फक्त वर्षभराची लाइटबिलं आणि जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या आहेत.

मीटरवाला: मग अर्धं काम झालंच की. जीएचजी प्रोटोकॉल सांगतो मोजायचं कसं, डब्ल्यूआरआय आणि डब्ल्यूबीसीएसडी या दोन संस्थांनी २००१ मध्ये आणला, बहुतेक सगळे त्याच्यावरच चालतात. १४०६४ पण त्याच वाटेचं, आणि पुढे बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचं असेल तर ते बरं पडतं. सीडीपी म्हणजे नुसती फॉर्म भरायची जागा. डिझेल स्कोप १, म्हणजे आपल्याच जागेत जळतं किंवा उडतं ते, लिटरला साधारण २.७ किलो सीओटू. वीज स्कोप २, म्हणजे विकत घेतलेली, युनिट गुणिले ग्रीडचा फॅक्टर (एका युनिटमागे किती सीओटू), आणि फॅक्टर त्याच वर्षाचा घ्या, जुना उचलू नका. एसीत गॅस भरला असेल तर तोही स्कोप १ मध्ये येतो, लोक हमखास विसरतात, एक किलो आर-४१०ए उडाला की परिणाम दोन हजार किलो सीओटूच्या वर जातो!

दाणेवाली: स्कोप ३ म्हणजे सप्लायरपासून ग्राहकापर्यंतचं बाकी सगळं, त्याच्या १५ कॅटेगऱ्या बघून दचकू नका हो. तुमच्याकडे सगळ्यात जड निघणार ते प्लास्टिकचे दाणे. दाणे किती टन घेतले ते काढा, सप्लायरकडे ईपीडी (मालाचा पर्यावरणावर किती परिणाम होतो ते सांगणारा कागद) मागा, बाकीचं पुढच्या वर्षी.

रात्रपाळी: हे कागद कस्टमरसाठी ठीक, पण महिन्याच्या बिलावरून वीज कुठे जाते ते कळत नाही. आम्ही मेन पॅनलवर सीटी (करंट मोजायचा सेन्सर) लावून दर १५ मिनिटांचं रीडिंग घेतलं तर रविवारी, प्लांट बंद, तरी तासाला १८ युनिट. जाऊन बघतो तर दोन मशीनचे बॅरल हीटर चालू आणि कंप्रेसर मधेच घरघरतोय, एका कपलिंगमधून हवा सूं सूं करत होती. ५०००१ मध्ये, म्हणजे ऊर्जा व्यवस्थापनाच्या स्टँडर्डमध्ये, जो ईएनपीआय (ऊर्जा कशी वापरली ते दाखवणारा आकडा) म्हणतात तो आमच्यासाठी म्हणजे किलोभर मालामागे किती युनिट, एवढाच आकडा बोर्डावर लिहितो. नुसते एकूण युनिट बघाल तर ऑर्डर कमी झाली की वाटतं वा, वीज वाचली.

एक्सेलग्रस्त: सीटी उद्याच लावायला सांगतो. पण डिझेलच्या दोन महिन्यांच्या पावत्या गायब आहेत, अकाउंट्सवाला हात वर करतोय 😅

मीटरवाला: जनरेटरच्या लॉगबुकात तास असतील ना? बाकीच्या महिन्यांत तासाला किती लिटर लागलं ते काढून गुणा, आणि शेजारच्या कॉलममध्ये सरळ लिहा, हा अंदाज आहे आणि असा काढलाय.