धागा: योनीमार्गातून बसवलेली जाळी आणि नुकसानभरपाई – तुमचे अनुभव

अंग बाहेर येणं किंवा खोकलं-शिंकलं की लघवी होणं, यासाठी मेशची जाळी बसवली आणि पुढे ती टोचायला, रुतायला लागली, अशा मैत्रिणींनी कायद्याच्या वाटेने काय केलं ते लिहा. अमेरिकेत एफडीएने एप्रिल २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यावरच्या योनीमार्गातल्या जाळ्यांची विक्री बंद करायला लावली, पण आधी बसलेल्या जाळ्यांचं काय? देश आणि साल जरूर सांगा. डॉक्टर, इस्पितळ, कंपनीची नावं नकोत.

मेलबर्नवाली: सामूहिक दाव्यात नाव नोंदवलं. कोर्टात उभं राहावं लागेल या भीतीने आधी टाळत होते, पण माझ्याकडून फक्त कागद मागितले. २०१९ मध्ये फेडरल कोर्टाचा निकाल बायकांच्या बाजूने लागला, २०२२ मध्ये ३० कोटी डॉलरची तडजोड झाली. आकडा ऐकून नातेवाईकांचे डोळे विस्फारले! हजारोंत वाटायचे आहेत हो.

ऑकलंडकर: आमच्याकडे दुखापतीच्या भरपाईसाठी खटलाच भरता येत नाही. एसीसीकडे, म्हणजे न्यूझीलंडच्या सरकारी अपघात-भरपाई संस्थेकडे, ‘उपचारातून झालेली इजा’ म्हणून अर्ज करायचा. मंजूर झाला तर उपचार, आणि काम सुटलं तर पगाराच्या ८० टक्के. माझा आधी नामंजूर झाला. फेरविचार मागितला, तेव्हा मिळाला. कुणाची चूक हे सिद्ध करावं लागलं नाही, हे बरंच म्हणायचं.

लेस्टरची मावशी: माझी जाळी २००६ ची, दुखण्याचं कारण कळलं २०१७ ला. इथे इंग्लंडमध्ये सदोष वस्तूचा दावा ती बाजारात आल्यापासून दहा वर्षांत करावा लागतो, त्यामुळे कंपनी सुटली. ‘धोके सांगितलेच नव्हते’ या मुद्द्यावर इस्पितळाविरुद्ध गेले. त्याला कळल्यापासून तीन वर्षं असतात. कोर्टाबाहेर मिटलं.

पुणे ३०: सासूबाईंसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष उत्पादनाबद्दल थेट उत्पादकाला जबाबदार धरता येतं. पण जाळी कोणती? डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘मेश प्लेस्ड’. खोक्यावरचा स्टिकर केसपेपरला चिकटवतात म्हणे, आमच्यात ते पानच नव्हतं. शेवटी मेडिकलचं पिवळं पडलेलं बिल सापडलं, त्यावर बॅच नंबर! बिलं फेकू नका गं. आणि रेकॉर्ड लेखी मागा. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत द्यायचा नियम आहे. पोच घ्याच.

डॉ. आहे, पण शांत: हर्नियाची जाळी ही वेगळी गोष्ट. धागा वाचून ती काढायला धावू नका.

कोल्हापुरी: @पुणे ३०, तक्रारीची मुदत दोनच वर्षांची ना? आमच्या आईला होऊन पाच झाली.

पुणे ३०: दोनच. आमचीही उलटली होती. तक्रारीसोबत विलंबमाफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडलं, त्रासाचं कारण जाळी आहे असं पहिल्यांदा लिहून देणारा सोनोग्राफीचा रिपोर्ट लावला. समोरच्या वकिलांनी पहिला मुद्दा तोच काढला. आईच्या त्रासाचं कारण पहिल्यांदा कळलं त्या तारखेचे कागद आधी शोधा.