करणी-भानामतीवर ऋतूंच्या क्रॉस स्टिच चौकटी करतेय, नमुन्यांसाठी सल्ला हवा

रबीची_ज्वारी (लातूर)

नमस्कार. मॅटीवर, म्हणजे चौकोनी घरांच्या जाड कापडावर, भरतकाम करणाऱ्यांना आणि मराठवाड्यातली खेडी आतून माहीत असणाऱ्यांना, दोघांनाही विचारतेय.

परदेशातल्या बायका ऑक्टोबर जवळ आला की अमेरिकेतल्या सेलमच्या चेटकिणींचे नमुने भरायला घेतात. टोकदार टोपी, झाडू, काळं मांजर, भोपळा. काम फार सुबक असतं, पण मला ते भरवत नाही. सेलममध्ये 1692 साली चेटूक केल्याच्या आरोपावरून 19 जणांना फाशी झाली, 14 बायका आणि 5 पुरुष. जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला अंगावर दगड ठेवत ठेवत मारलं. रिबेका नर्स 71 वर्षांची, आठ लेकरांची आई, नेमाने चर्चला जाणारी. ज्यूरीने तिला आधी निर्दोष म्हटलं, मग निकाल फिरवला आणि 19 जुलैला तिला फासावर दिलं. 'तिची आकृती रात्री येऊन आम्हाला छळते' एवढंही तिथे पुरावा म्हणून चाललं. अशा बाईच्या नावाने झाडू भरायचा?

आपल्याकडे करणी-भानामतीचा, म्हणजे जादूटोण्याने इजा केल्याचा, आळ घ्यायला कोर्टही लागत नाही. देवरशी, म्हणजे अंगात आणून कौल देणारा, म्हणतो, 'घरापासून उगवतीला राहते, एकटी आहे, केस पांढरे आहेत', आणि नाव गावच घेतं. माझ्या आजोळी, अहमदपूर तालुक्यात, अशा एक काकू होत्या. त्यांच्या घरचं ताक कुणी घेत नसे. त्यांच्या दारावरून जाताना आम्हा पोरींना मोठ्या बायका पदराआड घ्यायच्या. काकूंना ते दिसत होतं.

म्हणून ठरवलंय की भीती भरायची नाही. त्या त्या ऋतूत खरं काय घडतं आणि ते कुणाच्या माथी मारलं जातं, ते भरायचं. आपले ऋतू तीन, चौकटी तीन:

उन्हाळ्यात दावणीला गाय आणि रिकामी चरवी. हिरवा चारा संपलेला, दूध आटलेलं. पावसाळ्यात तापाने फणफणलेलं लेकरू, दारात साचलेलं पाणी, त्यावर डास. हिवाळ्यात येळवस, म्हणजे रानात पंगती बसतात ती वेळा अमावस्या. काळं रान, कणसाला आलेली ज्वारी, कडब्याची कोपी (खोप), आंबिलीचा माठ, आणि पंगतीत त्या काकू बसलेल्या. येळवशीला वाटेवरच्या अनोळखी माणसालाही रानात जेवायला बोलावतात, आणि काकूंना कुणी बोलावल्याचं मला आठवत नाही. माझ्या कापडावर तरी त्या भज्जी-भाकरी खातील.

अडचण अशी की बिब्ब्याच्या (काळा डाग पाडणाऱ्या फळाच्या) फुल्या कशा दाखवू ते सुचत नाही. भानामती म्हटलं की अंगावर उठणाऱ्या फुल्या आल्याच, आणि माझा टाकाही फुलीचाच. दुसरं म्हणजे 14 काउंटच्या, म्हणजे इंचाला 14 घरं असलेल्या, मॅटीवर 84 बाय 84 घरं धरलीत, म्हणजे सहा इंच चौरस. पुरेल का?

उदगीरची_कशिदावाली

बाळा, गायीला पुरेल. पंगतीला नाही पुरणार. बसलेलं माणूस ओळखू यायला उंचीला वीसेक घरं तरी लागतात, आणि तुला कोपी, माठ, ज्वारी सगळंच हवंय. येळवशीची चौकट आडवी कर, 140 बाय 84. दहा इंच लांब होईल. चारी बाजूंना तीन-तीन इंच कापड सोड, नाहीतर फ्रेमवाला काठ ओढून ओढून टाके तिरके करतो. 14 काउंटला दोऱ्याचे दोन पदर घे. बाजारात जाड मॅटी मिळाली, 11 ची, तर तीन.

आम्ही पडलो सीमेवरचे, कर्नाटकी कशिदा घरात पाहत वाढलो. त्यात मेंथीचा टाका म्हणजे ही फुलीच, आणि गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा. माझं ऐकशील तर ज्वारी, कोपी, गाय सगळं फुलीने भर आणि काकूंच्या लुगड्याचा काठ तेवढा गवंतीने काढ. उठून दिसेल. तोंडावर डोळे-नाक काढू नकोस. मात्र पाठमोरी बसवू नको गं, पंगतीत पाठ करून कोण बसतं? हात ताटाकडे गेलेला दाखव.

लाल दोरा आधी पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघ. रंग सोडला तर सगळी ज्वारी गुलाबी होईल.

जुना_कार्यकर्ता (नांदेड)

ताई, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात भानामतीची घरं बघितलीत, म्हणून फुल्यांबद्दल लिहितो.

बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की खाज सुटते, फोड येतो, मग काळा डाग राहतो. पुष्कळांना लगेच काही होत नाही, एखाद-दोन दिवसांनी उठतं. त्यामुळे 'रात्री निजलो तेव्हा काही नव्हतं' हे सांगणारा खोटं बोलत नसतो. परीट याच बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करायचे, कारण ती खूण धुऊन जात नाही. फुली आपोआप उठत नाही, कुणाचा तरी हात लागतो, आणि तो हात बहुतेकदा घरातलाच निघतो. जाचाला कंटाळलेली सून, शाळा सुटलेली पोर. गावोगावच्या बायका घुमायच्या, भुंकायच्या, तेही असंच, बोलायला दुसरी जागाच नव्हती. त्या हाताला पकडून चारचौघांत उघडं पाडायचं नसतं, एकट्यात बसून ऐकायचं असतं. म्हणून फुली कुणाच्या अंगावर दाखवू नका. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर दाखवा. जाणकाराला परिटाची खूणही दिसेल आणि भानामतीही.

गायीबद्दल. चारा हे एक कारण झालं. कासेला दगडी झाली, म्हणजे कास सुजून कडक झाली, तरी दूध जातं, आणि गाभण गाय विण्याआधी दोनेक महिने आटतेच. जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे सरळ आलंय : अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्राने जनावरांचं दूध आटवतो असं सांगून त्याच्यावर संशय आणणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. वर्षानुवर्षं अडलेला कायदा होता तो. लिहितानाही हात जड होतो.

एक विनंती. गावाचं नाव, घराची ओळखीची खूण कापडावर नको. त्यांची नातवंडं आजही तिथे नांदत असतील.

अंबाजोगाईचा_पोरगा

मला हे पटत नाही. माझ्या वयाच्या मुलांना भानामती माहीतही नाही. सुंदर कापडावर भरून भिंतीला लावली की पुन्हा तीच चर्चा. विसरली गेलीय ते बरं नाही का?

रबीची_ज्वारी (लातूर)

दादा, शब्द विसरला गेला असेल. पण पोराला ताप आला की 'कुणाची नजर लागली' म्हणणारी माणसं माझ्या गल्लीत आहेत, आणि बोट अजूनही एकट्या राहणाऱ्या बाईकडेच जातं. सेलममध्ये दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सन धाकटी हिचं नाव कायद्याने निर्दोष व्हायला 2022 उजाडलं. जवळजवळ 330 वर्षं! तिथे निदान कागद तरी होता. आमच्या काकूंचा कुठेच कागद नाही, मग निर्दोष कुणी म्हणायचं? मी हे भिंतीला लावणारच आहे, आणि कुणी विचारलं की गायीच्या कासेपासून सगळं सांगणार आहे. तुम्हीही लातूरला आलात तर बघायला या, मनापासून बोलावतेय.

काका, धोतराची कल्पना घेतली. पावसाळ्याच्या चौकटीत ओसरीत दोरी बांधते, लेकराच्या खाटेमागे. एकच फुली, दोन बाय दोन घरांवर, चार पदरांनी, म्हणजे बोटाला लागेल. अँकरचा 403 काळा घरात आहे. आजोळच्या घरापुढची चिंच मी काढणार होते, ती आता नको. तिथे साधा कडुलिंब भरते, तो सगळीकडेच असतो.

मावशी, येळवस 140 बाय 84 पक्की. काकूंचं लुगडं हिरवं होतं, मात्र काळ्या रानावर हिरवी ज्वारी आणि त्यात हिरवं लुगडं हरवून जाईल अशी भीती वाटते. लुगडं तसंच ठेवून मागे कोपीचा वाळका कडबा आणला तर? कडब्याला पिवळ्याच्या दोन छटा एकाच सुईत ओवून चालतील का, की प्रत्येक घराला वेगळा दोरा घ्यावा लागेल?