रॅव्ह४ प्राइमचे ५२ एमपीजी (गॅलनला मैल) आले कुठून?

मिलपिटासकर
परवा टोयोटाच्या रॅव्ह४ प्राइमवर (घरी चार्जही करता येणारी प्लग-इन हायब्रिड) एक पोस्ट वाचली: "रॅव्ह४ प्राइमने सॅन होजे ते लॉस एंजेलिस (एलए), ५२ एमपीजी. लांबच्या प्रवासाला साधी हायब्रिड सोडा, प्लग-इनच घ्या." खाली अंगठ्यांचा पाऊस. एकानेही भागाकार करून पाहिला नाही, म्हणून इथे लिहितोय.

अंतर ३४० मैल. घरून फुल्ल चार्ज करून निघालात तर ४० मैल विजेवर. उरले ३००. आय-५ हायवेवर ताशी ७५ मैलांनी ही गाडी ३६ च्या आसपास देणार, ईपीएचाच (मायलेजचे अधिकृत आकडे देणारी अमेरिकी सरकारी संस्था) चार्ज संपल्यावरचा एकत्रित आकडा ३८ आहे. म्हणजे ८.३ गॅलन गॅस (इकडचं पेट्रोल), आणि ३४० मैलांना ॲव्हरेज पडलं ४१. ५२ हवे असतील तर १०५ मैल विजेवर जायला हवेत, म्हणजे अडीच वेळा फुल्ल चार्ज. प्राइमच्याच पिढीतल्या साध्या रॅव्ह४ हायब्रिडला ईपीए ४० देते आणि ती पाचशे-सहाशे पौंड हलकी आहे. एलएला चार्जिंग मिळालं नाही की परतीला प्राइम मागे पडते. असल्या पोस्टी वाचून लोक हजारो डॉलर जास्त मोजतात.

कोलिंगा_एक्झिट
भागाकार ठीक, पण वेग आणि रस्ता दोन्ही सोडून दिलेत. ६५ वरून ७५ वर गेलं की हवेचा विरोध ३३ टक्क्यांनी वाढतो. ७५ ने पळवून गाडीला नावं ठेवू नका.

दुसरं, चार्ज पहिल्या ४० मैलांतच संपवायचा असं कुणी सांगितलं? १०१ हायवेवर गिलरॉयपर्यंत ट्रॅफिक तुंबला असेल तर विजेवर चालवा, मोकळा असेल तर एचव्ही बटण (साध्या हायब्रिडसारखं चालवायचं) दाबून चार्ज राखा. १५२ हायवेच्या चढाआधी सपाटीवरच इंजिन सुरू करून घ्या. थंड इंजिनावर एकदम पाचेको पासचा चढ आला तर ते गरम होईपर्यंत जास्त गॅस ओततं. आय-५ वर पूर्ण एचव्ही, कारण एकसारख्या वेगात इंजिन तसंही सोयीच्या टप्प्यात चालतं.

ग्रेपव्हाइनच्या घाटाआधी बॅटरीत ३० टक्के तरी हवेत. माणसं-सामान धरून गाडी २२०० किलो, चढ सुमारे ८०० मीटर: नुसतं वजन वर न्यायला ४.८ युनिट लागतात, आणि अख्खी बॅटरी १८.१ ची. ती रिकामी असेल तर इंजिन ओरडत चढतं. कॅस्टेकच्या उतारावर थोडं परत मिळतं. मात्र घाटमाथ्यावर बॅटरी फुल्ल नको, नाहीतर परत आलेली वीज घ्यायला जागा नसते आणि गाडी इंजिनाच्या ब्रेकवर उतरते. उरलेला चार्ज एलएत ४०५ हायवेच्या रांगेत वापरा.

मिलपिटासकर
हे सगळं केलं तरी विजेचे मैल ४० च्या आसपासच राहणार. मैल कुठे वापरले याने एखाद-दोन एमपीजी सुटतील, ११ नाही. आणि तुमच्यासारखं सपाटी बघून बटण दाबणारे किती? बहुतेक जण चार्ज संपला की चार्ज मोड लावतात. इंजिनाने वीज बनवायची, बॅटरीत भरायची, मग मोटरने काढायची. प्रत्येक पायरीला गळती. हायवेवर तो मोड लावणं म्हणजे गॅस जाळून वीज विकत घेणं.

श्टुटगार्टचा_नाना
इथे युरोपात तर सगळंच उघडं पडलंय. २०२१ पासून नव्या गाड्यांत इंधनाची नोंद ठेवणारं यंत्र सक्तीचं आहे. त्या नोंदींवरून युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये सांगितलं की प्लग-इनचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट आहे. कारण नोकरीतल्या कंपनीने वापरायला दिलेल्या गाड्या! जर्मनीत त्यांच्यावर कर निम्म्या दराने, पेट्रोलचं कार्ड कंपनीचं, मग केबल डिकीत पिशवीतून बाहेरही निघत नाही.

कोलिंगा_एक्झिट
नाना, तो राग कंपनीच्या कार्डावर काढा. केबल न लावणाऱ्यांचा आकडा आणून केबल लावणाऱ्याला का झोडपताय? इथे प्रश्न चार्ज करून निघालेल्या गाडीचा आहे.

मीटर_वाचक
तुम्ही सगळे एमपीजीत अडकलात, डॉलर बघा. प्राइमला ईपीएप्रमाणे १०० मैलांना ३६ युनिट लागतात, भिंतीच्या प्लगपासून मोजून. बे एरियात (सॅन होजेच्या परिसरात) युनिट ४० सेंटला पडत असेल तर मैलाला १४.४ सेंट. गॅस ४.८० ने, ३८ एमपीजी: १२.६ सेंट. म्हणजे विजेवरचा मैल महाग! दोन्ही सारखे पडतात ३५ सेंटला. रस्त्यातल्या चार्जरवर ५५ सेंट दिले तर मैलाला जवळपास २० सेंट. ५२ एमपीजी दिसले तरी खिसा जास्त रिकामा.

सिएटलकर
तुमचा दर सगळ्या देशाला लावू नका. १३ सेंटला युनिट असेल तर मैल पावणेपाच सेंटला पडतो.

छतावर_सोलर
आणि ज्यांच्या छतावर पॅनेल आहेत त्यांची वीज फुकटच.

मीटर_वाचक
फुकट कशी? कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ च्या मध्याआधीचं जुनं नेट मीटरिंग असेल तर ग्रिडला दिलेल्या युनिटचे, आपण वीज ज्या दराने विकत घेतो जवळपास त्याच दराने, क्रेडिट मिळतात. ते युनिट गाडीत घातलं की तेवढं क्रेडिट बुडालं. नव्या नियमात ग्रिडला दिलेल्या विजेचे फार थोडे मिळतात, तिथे दुपारी गाडीत भरणं खरंच स्वस्त. पण दुपारी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि तुम्ही चार्ज करता रात्री, ग्रिडच्या विजेवर.

छतावर_सोलर
घरी बॅटरी असते लोकांकडे. आणि पॅनेलचे पैसे एकदा देऊन झालेत, ते दर प्रवासाला पुन्हा का मोजायचे?

मीटर_वाचक
मग गाडीचे जास्तीचे हजारो डॉलरही देऊन झाले म्हणून सोडून द्यायचे का? एक खर्च धरायचा आणि दुसरा विसरायचा, हा हिशेब मला चालत नाही.

निव्वळ_विद्युत
हॉटेलातल्या चार्जरबद्दलही बोला. ६.६ किलोवॉटवर प्राइम अडीच तासांत भरते, ३.३ वाली साडेचार तासांत. तरी सकाळपर्यंत तिथेच उभी. ज्याची गाडी फक्त विजेवर चालते तो रात्री अकराला रिकामी बॅटरी घेऊन येतो आणि अडकतो. तुमच्याकडे टाकी आहे. भरली की खाली येऊन गाडी काढा.

कोलिंगा_एक्झिट
हे मात्र मान्य, आणि यावर वाद नको.

मिलपिटासकर, ५२ चं उत्तर बहुधा असं: डॅशबोर्डवर विजेचे मैल अंतरात धरले जातात, पण गॅस शून्य, त्यामुळे प्रवास मध्येच थांबवून वाचलेला आकडा फुगलेला असतो. खरं मोजायचं तर त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा क्लिक होऊन बंद पडलं की थांबून भरा, ट्रिप मीटर शून्य करा आणि प्लगचे युनिट वेगळे लिहा. टायर थंड असताना दारावरच्या पाटीइतकी हवा. छतावरचा बॉक्स काढा, हायवेच्या वेगाला तो १० ते २५ टक्के खातो. मागे लावायचा असेल तर १ ते ५.

मिलपिटासकर
ठीक आहे. वेग ६५, छत मोकळं, घरून फुल्ल चार्ज, आणि गॅसवर ४१ मिळाले असं तुमच्या बाजूने धरतो. ३०० मैलांना ७.३ गॅलन, म्हणजे ३४० मैलांना एकूण ४६ एमपीजी. साध्या हायब्रिडलाही तोच ६५ चा वेग द्या, तीही चाळिशीच्या वर जाईल. ५२ तरीही नाहीत. त्या पोस्टवाल्याने वाटेत कुठे, किती युनिट भरले ते लिहावं.