मीलवर्मची कॉलनी घरी बसवायची आहे – नाशिक

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याला रो-हाऊस आहे, मागे सहा गावठी कोंबड्या. त्यांच्यासाठी 500 मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या, पुढे कोष होऊन त्यांचे भुंगेरे होतात) मागवलेत, रविवारी येतील. गुळगुळीत प्लास्टिकचे तीन टब आणून ठेवलेत, 40 × 30 सेंमी, उंची 15. कोंडा कुठला घ्यायचा आणि किती? पाण्याची वाटी ठेवायची का? कोष वेगळे काढावेच लागतात का? आणि टब मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले तर चालतील?

चाळणवाला
आधी शेवटचा प्रश्न. पत्र्याखाली अजिबात नको. यांना 25 ते 28 अंश मानवतं, 35 च्या वर गेलं की मरायला लागतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेरच 38-40 असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. शिवाय अळ्या दाटीने असल्या की टबाच्या मध्यभागी त्यांचीच ऊब साठते. घरातली जमिनीलगतची, ऊन न येणारी जागा बघा. फक्त स्वयंपाकघर आणि धान्याची कोठी सोडून, कारण शेवटी ही धान्यातलीच कीड आहे.

कोंडा पशुखाद्याच्या दुकानातून घ्या. तिथे त्याला 'गहू भुसा' म्हणतात. गव्हांडा म्हणजे काड, ते नको. एका टबात 5 सेंमी थर, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. घरच्या गव्हाचा कोंडा गिरणीतून आणणार असाल तर त्या गव्हात कीड न लागण्याची गोळी किंवा पावडर घातली होती का ते आधी विचारा, नाहीतर एका रात्रीत टब साफ.

पाण्याची वाटी ठेवू नका. भुंगेरे बुडतात आणि कोंडा भिजतो. गाजर किंवा बटाट्याची बोटभर जाड चकती कोंड्यावर ठेवायची, दोन दिवसांनी उरलेली काढायची. चकती धुवून, पुसून, कापलेली बाजू तासभर सुकवून ठेवा. काकडी-कलिंगड टाळा, पाणी फार सोडतात. कॉलनी भुकेने क्वचितच मरते, ओलीने मरते.

कोष वेगळे काढावेत. अळ्या आणि भुंगेरे दोघेही ते कुरतडतात. कोष पांढरट, वाकडा दिसतो. चमच्याने उचलला की शेपटीकडून वळवळतो. वळवळत नसेल आणि काळा पडला असेल तर मेला, फेकून द्या. दोन दिवसांतून एकदा वेचून, तळाला थोडा कोंडा पसरलेल्या उथळ डब्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत भुंगेरा निघतो. आधी पांढरा, मग तांबूस, मग काळा. पांढरा दिसला म्हणून रोगट समजू नका.

मळेकरी
वरचं सगळं बरोबर, पण खरी अडचण पुढे येते. भुंगेरे आणि त्यांची अंडी एकाच टबात राहिली तर अंडीच खाल्ली जातात. म्हणून दर 15 दिवसांनी भुंगेरे नव्या कोंड्यात हलवा आणि जुना कोंडा जसाच्या तसा बाजूला ठेवून त्यावर तारीख लिहा. अंडी चिकट असतात, त्यांना कोंडा चिकटून बसतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत. 'काहीच नाही' म्हणून तो कोंडा कोंबड्यांना टाकणारे बरेच आहेत.

तो टब निदान पाच आठवडे चाळायचा नाही. बारीक अळ्या चाळणीतून विष्ठेबरोबर खाली जातात. नंतर रव्याच्या चाळणीने चाळा, तोंडाला मास्क बांधून. ती धूळ नाकात गेली की शिंका आणि काहींना दमा होतो. खाली पडलेली भुकटी गुलाबाला, मिरचीला चांगलं खत.

पावसाळ्यात दुसरा शत्रू येतो: कोळीकीड. टबाच्या काठावर राखेसारखी फिकट भुकटी दिसते आणि नीट पाहिलं तर ती हलते. बोटावर चिरडली तर पुदिन्यासारखा वास येतो. त्या वेळी भाजी पूर्ण बंद, अळ्या चाळून कोरड्या कोंड्यात, जुना कोंडा पिशवीत बांधून घराबाहेर. औषध फवारू नका, आधी अळ्याच मरतील. नवा कोंडा वापरण्याआधी चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवला तर ती बहुतेक वेळा येतच नाही. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवून घराच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कोंड्यावर दव धरतं.

चाळणवाला
एक राहिलं. मुंग्या! टबाखाली विटा, विटा पाण्याच्या ताटलीत, पाण्यात साबणाचे दोन थेंब. मुंग्यांचा खडू ओढू नका, तो अळ्यांनाही विषच. झाकणाच्या जागी तारेची जाळी बसवा, अळ्यांसाठी नाही, पालीसाठी.

गोदाकाठचा
आभारी आहे. मग कोंबड्यांना कधीपासून देता येतील?

मळेकरी
आलेल्या 500 पैकी एकही देऊ नका, सगळ्यांचे भुंगेरे होऊ द्या. अंड्यापासून मोठी अळी व्हायला ऊब चांगली असली तरी अडीच ते तीन महिने लागतात, त्यात अळ्यांचे कोष आणि भुंगेरे व्हायचा वेळ धरा. म्हणजे पहिली तोड चार महिन्यांनी. निफाडकडची थंडी असेल तर अजून लांबेल. त्यानंतर कोंबडीमागे रोज 15-20, खाऊ म्हणून. पोटभर नाही. यांच्यात फॉस्फरस भरपूर पण कॅल्शियम नगण्य असतं, तेव्हा शिंपल्याचा चुरा चालू ठेवा, नाहीतर अंड्याचं कवच पातळ होईल.