उघड्यावर सहा महिने, तरी ३०४एलला तडा नाही: यू-बेंड चाचणीत काय चुकतंय?

प्रश्न: मिऱ्याचा_यूबेंड

एम.टेक.चा प्रकल्प आहे. किरणोत्सारी कचरा किंवा वापरलेलं इंधन स्टेनलेस स्टीलच्या ज्या डब्यांत हवेवर थंड ठेवतात, त्या डब्यांना समुद्रकाठच्या मिठामुळे ताण-क्षरणाचे तडे (एससीसी) जातील का, हा विषय.

मांडणी: ३०४ आणि ३०४एल (कमी कार्बनचं) स्टेनलेस, २ मिमी पत्रा, ८० × २० मिमी पट्ट्या, ८ मिमी त्रिज्येच्या रॉडवर वाकवून बोल्टने आवळलेले यू-बेंड. दोन्ही ग्रेडचे बारा-बारा नमुने रत्नागिरीत, समुद्रापासून साधारण ४०० मीटरवर, गच्चीवर मे ते ऑक्टोबर उघडे ठेवले. सगळ्यांवर तपकिरी डाग आले. डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा लाल रंग) मारलं तर वाकावर लाल रेघाच रेघा. पण कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर एकही तडा नाही. उलट १५५ अंशांच्या उकळत्या मॅग्नेशियम क्लोराईडमध्ये तेच ३०४एल सहा तासांत फुटलं.

आता आठ महिने उरलेत. मफल फर्नेस, साधा ओव्हन, ०.१ मिग्रॅचा तराजू आणि मेटॅलोग्राफीची नेहमीची सामग्री आहे. आर्द्रता नियंत्रित करणारं चेंबर नाही. सहा महिने आणि सहा तास यांच्या मधलं काही करता येईल का?

उत्तर १: ओलावा_तेहतीस

पावसाळ्यात गच्चीवर नमुने ठेवायचे म्हणजे रोज आंघोळ घालून मळ का साचत नाही असं विचारायचं. खारं वारं जोरात सुटतं ते जून ते सप्टेंबरमध्येच, आणि नेमका तेव्हाच पाऊस मीठ धुऊन नेतो. पडवीत, म्हणजे वर छप्पर आणि बाजू उघडी अशा जागी ठेवले असते तर निदान मीठ साचलं असतं. खरा डबाही तसाच असतो: भोवती काँक्रीट, खालून-वरून हवा खेळती, पाऊस लागत नाही.

तरीही पडवीत सहा महिन्यांत तडा दिसला नसता असं मला वाटतं, कारण तापमान. डब्याचा पृष्ठभाग आतल्या उष्णतेमुळे गरम असतो. मीठ ओलं होतं का, हे त्या गरम पृष्ठभागालगतच्या आर्द्रतेवर ठरतं, बाहेरच्या नाही.

आकडे मांडून बघा. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे बाष्पदाब ३.४ किलोपास्कल. हीच हवा ४५ अंशांच्या पत्र्याला लागली की तिथे आर्द्रता ३५ टक्के, ५० अंशांना २७, ६० ला १७. मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं ती मर्यादा सोडियम क्लोराईडसाठी ७५ टक्क्यांच्या आसपास, पण मॅग्नेशियम क्लोराईडसाठी ३१ ते ३३. समुद्राच्या मिठात दोन्ही असतात. म्हणजे कोकणातल्या दमट दिवशी साधारण ४७ अंशांपर्यंतच्या पत्र्यावर मॅग्नेशियम क्लोराईडचा दाट, क्लोराईडने गच्च भरलेला थर तयार होऊ शकतो. त्याच्या वर सगळं कोरडं. डबा गरम असतो तोवर सुरक्षित, वर्षानुवर्षं थंड होत या पट्ट्यात उतरला की धोका सुरू. तुमच्या विषयाचा गाभा हाच आहे, आणि म्हणून ४५ अंश हे तुमचं मुख्य तापमान धरा.

यासाठी नुसतं खायचं मीठ वापरू नका. मॅग्नेशियम नसेल तर या आर्द्रतेत काहीच ओलं होणार नाही. एएसटीएम (अमेरिकी मानक संस्था) डी-११४१ प्रमाणे कृत्रिम समुद्रजल करा. एका लिटरला सोडियम क्लोराईड २४.५३ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराईड ५.२० (हे निर्जल धरून, हेक्साहायड्रेट असेल तर ११.१ ग्रॅम घ्या, इथे हमखास चूक होते), सोडियम सल्फेट ४.०९, कॅल्शियम क्लोराईड १.१६, पोटॅशियम क्लोराईड ०.६९५, सोडियम बायकार्बोनेट ०.२०१. बाकीचे ब्रोमाईड, बोरिक आम्ल वगैरे अगदी किरकोळ प्रमाणात आहेत, पण पद्धतीचं नाव लिहिणार असाल तर तेही घाला.

उत्तर २: काळी_रेघ

वरच्या उत्तरात मीठ आणि पाणी आलं, स्टील राहिलं.

आधी त्या लाल रेघा. यू-बेंडच्या वाकावर ओरखडे असले, गंजाची पापुद्री असली, की डाय तिथे बसतो आणि तडा असल्यासारखं दाखवतो. डाय मारण्याआधी गंज काढायलाच हवा: १५० ग्रॅम डायअमोनियम सायट्रेट, पाणी घालून एक लिटर, ७० अंश, १० ते ६० मिनिटं. आणि वाकवण्याआधी पट्टी शेवटी ६०० नंबरच्या पेपरने लांबीच्या दिशेने घासा. तडे ताणाला आडवे, म्हणजे रुंदीच्या दिशेने जातात. ओरखडे उभे आणि तडे आडवे असले की नजरेलाच फरक कळतो. तुमच्या पट्ट्या आडव्या घासल्या असणार, पैज लावतो.

डागांबद्दलही जरा जपून. रत्नागिरीत जांभ्याची तांबडी धूळ सगळीकडे बसते आणि फोटोत ती हुबेहूब गंजासारखी दिसते. ऊर्ध्वपातित पाण्याने ओल्या केलेल्या कापसाने पुसून निघाली तर धूळ, डाग राहिला तर गंज. शिवाय तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरचं चाक आधी साध्या लोखंडावर वापरलेलं असेल तर त्याचे कण रुततात आणि पहिल्याच आठवड्यात ठिपके दिसतात. तो गंज स्टेनलेसचा नव्हेच.

आता सेन्सिटायझेशन. तडा लवकर हवा असेल तर ३०४ (एल नव्हे) ६७५ अंशांवर दोन तास ठेवून हवेत थंड करा. कणसीमांवर, म्हणजे धातूचे कण जिथे एकमेकांना भिडतात तिथे, क्रोमियम कार्बाइड बसतं आणि शेजारचं क्रोमियम कमी होतं. वेल्डच्या उष्णताबाधित पट्ट्यात घडतं तेच. ३०४एलमध्ये कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो, तो एवढ्या वेळात दाद देणार नाही. त्याला तसाच ठेवून तुलनेसाठी वापरा. मधेच लाईट गेली तर तो गठ्ठा बाजूला काढा. किती मिनिटं कोणत्या तापमानाला गेली हे सांगता येत नसेल तर त्या नमुन्यांना काही अर्थ नाही.

क्रम: कापणं, सेन्सिटाइझ करणं, घासणं, मग वाकवणं. वाकवून फर्नेसमध्ये घातलं तर ताण सैल पडतो. आणि फर्नेसमध्ये आलेली काळी खपली काढायला नायट्रिक-हायड्रोफ्लोरिकचं पिकलिंग (आम्लात बुडवून साफ करणं) अजिबात नको. सेन्सिटाइझ झालेल्या कणसीमा ते आम्लच खातं आणि तुम्ही त्याला एससीसी समजाल. दोन्ही बाजू साधारण ०.१ मिमी घासून काढा, बस.

सेन्सिटायझेशन झालं की नाही हे एएसटीएम ए-२६२ च्या ऑक्झॅलिक इचने (आम्लात वीज सोडून पृष्ठभाग किंचित खोदणं) तपासा: १० टक्के ऑक्झॅलिक आम्ल, नमुना अॅनोड, चौरस सेंटिमीटरला १ अँपियर, दीड मिनिट. कणांच्या कडेने सलग चर दिसला, एखादा तरी कण पूर्ण वेढला गेला, तर झालं. चर नसून कणाकणांमध्ये नुसत्या पायऱ्या दिसल्या तर नाही.

८ मिमी रॉडवर २ मिमी पत्रा म्हणजे बाहेरच्या बाजूला साधारण ११ टक्के ताणलेला. पुरेसं आहे. वाकावर चुंबक धरून बघा, ३०४ मध्ये थोडं चिकटेल. थंड वाकवण्यामुळे तिथे मार्टेन्साइट (स्टीलची चुंबकाला चिकटणारी रचना) तयार होतं. प्रबंधात त्याची नोंद हवी, परीक्षक हमखास विचारतात. बोल्टही ३०४ चाच घ्या आणि दोन्ही बाजूंना टेफ्लॉनचे वॉशर घाला.

उत्तर ३: सरळ_मार्ग

एवढा खटाटोप कशाला? एएसटीएम जी-३६ (उकळतं मॅग्नेशियम क्लोराईड) प्रमाणित चाचणी आहे. ३०४, ३०४एल, ३१६एल तिन्ही त्यात टाका, फुटायला लागणारे तास मोजा, आलेख काढा. आठ महिने कशाला, आठ आठवड्यांत प्रबंध तयार.

उत्तर ४: काळी_रेघ

आलेख येईल, पण डब्याबद्दल तो काही सांगणार नाही. १५५ अंशांना ३०० मालिकेतलं (३०४, ३१६ वगैरे) जवळपास सगळं फुटतं, आणि तडा कणांच्या आरपार जातो. ४५ अंशांच्या ओलसर मिठात सेन्सिटाइझ्ड ३०४ मध्ये तो मुख्यतः कणसीमांनी जातो. यंत्रणाच वेगळी, मग तास मोजून काय करणार? जी-३६ चा उपयोग एवढाच: तुमच्या यू-बेंडमध्ये पुरेसा ताण आहे याचा पडताळा. प्रत्येक गठ्ठ्यातला एक नमुना त्यात टाका आणि पुढे चला.

याच ओघात आणखी एक गोंधळ टाळा. तारापूरचे पहिले दोन संच (१९६९) उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांचे आहेत. या प्रकारच्या भट्ट्यांत जगभर ३०४ च्या पाइपांना वेल्डजवळ कणसीमांनी तडे गेले, ते मिठामुळे नव्हेत. तिथलं पाणी अतिशुद्ध असतं. जवळपास २८० अंशांच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, वेल्डमुळे झालेलं सेन्सिटायझेशन आणि वेल्डचा उरलेला ताण या तिघांनी मिळून ते झालं. प्रस्तावनेत बरेच जण हे आणि समुद्राचं मीठ एकाच परिच्छेदात कोंबतात. तुमच्या विषयाला तारापूरचंच उदाहरण हवं असेल तर काचेत गोठवलेल्या कचऱ्याच्या डब्यांचं भांडार घ्या. ते समुद्रकाठच्या हवेच्या नैसर्गिक प्रवाहावर थंड राहतं.

मिऱ्याचा_यूबेंड

खूप आभार. पट्ट्या आडव्याच घासल्या होत्या, पैज जिंकलात. दोन अडचणी: चेंबर नसताना ४५ अंशांना ३५-४० टक्के आर्द्रता कशी ठेवायची? आणि वाकलेल्या पृष्ठभागावर मोजून मीठ कसं घालायचं? पिपेटने थेंब ठेवला तर तो घरंगळतो.

उत्तर ५: ओलावा_तेहतीस

आर्द्रता: संपृक्त क्षाराची स्लरी डेसिकेटरमध्ये ठेवायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण इथे नीट बसत नाही. ४५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराईडची स्लरी ३१ टक्के देते, म्हणजे अगदी काठावर. ओलं होईल न होईल. सोडियम ब्रोमाईड ५२ च्या आसपास देतं, पण तेवढं बाष्प खऱ्या हवेत नसतं. त्याला वेग वाढवलेली चाचणी म्हणून वेगळं दाखवा.

त्यापेक्षा फिशटँकचा पंप आणा. हवा पाण्याच्या दोन बाटल्यांतून एकामागोमाग एक बुडबुडे काढत न्या आणि ओव्हनमधल्या झाकणाच्या काचेच्या भांड्यात सोडा. बाटल्या २८ अंशांच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, नाहीतर बाष्पीभवनाने त्या एक-दोन अंश गार पडतात. २८ अंशांना संपृक्त हवेचा बाष्पदाब ३.७८ किलोपास्कल; ४५ ला नेली की ३९ टक्के. बाटल्यांचं तापमान बदललं की आर्द्रता बदलते, दुसरं काही लागत नाही. कोकणातल्या खोलीत २८ अंश राखणं काही अवघड नाही, जानेवारीची पहाट सोडली तर. दुसऱ्या बाटलीनंतर कापसाची गुंडाळी असलेली रिकामी बाटली ठेवा, म्हणजे पाण्याचे तुषार आत जाणार नाहीत. नळी २८ पेक्षा गार जागेतून नेऊ नका, आत पाणी साचेल. भांड्यातून हवा बाहेर जायला बारीक भोक ठेवा.

नमुना आधी ४५ अंशांवर तापवा, मगच दमट भांड्यात ठेवा. गार नमुना आत गेला की त्यावर दव धरतं, मीठ वाकावरून ओघळून खाली जातं आणि सगळी मोजणी फुकट.

मीठ: हिशेब सोपा आहे. चौरस मीटरला १ ग्रॅम मीठ हवं तर १० चौ.सेमी वाकावर १ मिलिग्रॅम. समुद्रजलात लिटरला ३६ ग्रॅम मीठ, म्हणजे २८ मायक्रोलिटर. एवढं पाणी पसरत नाही म्हणून ते इथेनॉलमध्ये पातळ करा आणि एअरब्रशने ७० अंशांच्या नमुन्यावर हलके हात मारत फवारा. प्रत्येक हातानंतर वाळू द्या. थेंब जमला की मिठाचं कडं तयार होतं. मध्ये काही नाही आणि कडेला दहापट.

तराजूवर विसंबू नका. मॅग्नेशियम क्लोराईड इथल्या हवेत ठेवल्या-ठेवल्या पाणी ओढतं आणि आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. त्याऐवजी प्रत्येक फवारणीत त्याच मापाचे पाच जास्तीचे तुकडे ठेवा, ते एकत्र धुवा आणि ०.०१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट करा. ५ मिलिग्रॅम मिठाला साधारण पावणेआठ मिलिलिटर लागतील. कोरी चाचणी वजा करायला विसरू नका. धुवायला विहिरीचं पाणी नको, किनाऱ्यालगतच्या विहिरींत मुळातच क्लोराईड असतं.

चौरस मीटरला ०.१, १ आणि १० ग्रॅम अशा तीन पातळ्या घ्या. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या २०१४ च्या अहवालात याच पातळ्या होत्या, आणि ४५ अंशांना सेन्सिटाइझ्ड ३०४ वर ०.१ ग्रॅमलाही तडे दिसले. तुलनेला मुद्दा मिळेल.

उत्तर ६: काळी_रेघ

तपासणीचं ठरवून घ्या. दर आठवड्याला नमुने बाहेर काढून बघत बसलात तर प्रत्येक वेळी मीठ वाळणार आणि पुन्हा ओलं होणार, म्हणजे चाचणीच बदलली. प्रत्येक स्थितीचे बारा नमुने करा. २, ४, ८ आणि १६ आठवड्यांनी तीन-तीन कायमचे काढा, साफ करा, कापा. मीठ न लावलेले तीन शेवटपर्यंत आत राहू द्या. ३०४ सेन्सिटाइझ्ड आणि ३०४एल जसाच्या तसा, स्टीलच्या एवढ्या दोनच स्थिती घ्या. ३१६एल आणखी उशीर लावतं, ते पुढच्या विद्यार्थ्याला ठेवा.

कापताना वाकाच्या मधोमध लांबीच्या दिशेने कापा, म्हणजे आडव्या तड्याची खोली दिसते. आधी रेझिनमध्ये बसवा आणि मग कापा, नाहीतर ताण सुटताना कड फाटते. इच करण्याआधी एकदा आणि केल्यावर एकदा बघा. ऑक्झॅलिकने कणसीमा खोदल्या गेल्या की बारीक तडा त्यात हरवतो. खड्ड्याच्या तळातून तडा निघालेला दिसला तर खड्ड्याची खोलीही मोजा.

आणि नमुन्यांवर नंबर मार्करने लिहू नका, पीव्हीसी टेप चिकटवू नका. दोन्हींत क्लोरीन असू शकतं. यू-बेंडच्या पायाच्या टोकाला ठोकून नंबर घाला, वाकापासून लांब.