फराळाच्या दिवसांत बंड्याला बांधून न ठेवता घर कसं सांभाळू?

परड्यातली_जाई · दुपारी ४.२०

नमस्कार मंडळी. वसुबारस परवावर आलीय आणि आज आमच्या घरात जे झालं ते आवरता आवरत नाहीये. आधी सांगते, मग विचारते.

मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. पुढं सोपा, मागं परडं. बंड्या आमचा गावठी कुत्रा, दोन वर्षांचा, अठरा किलोचा. गल्लीतूनच आला आणि आमचाच झाला. सकाळी मी रव्याचे लाडू वळले, एकतीस भरले. पाक जरा सैल झाला होता म्हणून डब्यात न भरता परातीतच सुकत ठेवले, स्वयंपाकघरातल्या फळीवर. मग तूप, पिठीसाखर आणि मैदा घेऊन नानकटाईला बेकरीत गेले. या दिवसांत तिथं काय गर्दी असते ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. माझ्यापुढं चौदा बायका होत्या. घरी सासूबाई जेवून आडव्या झालेल्या, पोरं क्लासला.

साडेतीनला परत आले तर परात जमिनीवर, लाडू वीस. बंड्या सोप्यात, पोरांच्या किल्ल्यावर गाढ झोपलेला. यंदा पन्हाळा केलाय. तीन दरवाजा, सज्जा कोठी, काडेपेट्यांचे अंबरखाने, सगळं मापात. परवाच अहळीव पेरलेला, कालपासून हिरवं दिसायला लागलं होतं. बंड्याचं पोट बरोबर अंबरखान्यांवर, एक कान सज्जा कोठीवर, नाकाला रवा.

किल्ल्याला दिलेला गेरू अजून ओला होता. मी हाक मारल्यावर तो उठला आणि त्याच पायांनी सोपा, माजघर करत थेट देवघरापर्यंत गेला. तेवढ्यात सासूबाई उठल्या. चष्मा उशाला राहिलेला. देवघराकडं गेलेली तांबडी पावलं बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "पोरींनी किती झ्याक काढल्यात गं लक्ष्मीची पावलं." मला हसू आवरेना आणि रडूही येत होतं. चष्मा लावल्यावर मात्र त्यांनी सांगून टाकलं, भाऊबीज होईपर्यंत कुत्रं परड्यात साखळीला.

धाकटा क्लासवरून आला तो किल्ल्यापुढं बसून हुंदके देतोय. म्हणतो, सिद्दी जौहर बाहेर बसून राहिला, हा तर आत येऊन झोपला! एक प्लास्टिकची तोफपण सापडत नाहीये.

मला बंड्याला बांधायचं नाहीये. साखळीला लावला की तो पाणीसुद्धा पीत नाही, नुसता दाराकडं बघत बसतो. अजून चकल्या, करंज्या, चिवडा सगळं व्हायचंय. तुमच्याकडं कुत्रं-मांजर असून फराळ आणि किल्ला कसा टिकतो ते सांगा.

रंकाळ्याचा_वारा · दुपारी ४.३१

ताई, बाकी सगळं ठेवा बाजूला. लाडवात बेदाणे होते का?

परड्यातली_जाई · दुपारी ४.३३

हो, प्रत्येकात एक. काहींत दोन. का हो?

रंकाळ्याचा_वारा · दुपारी ४.३६

लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या. आत्ता, रिक्षा करून. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला घातक असतात. किती खाल्ले म्हणजे चालतं असा भरवशाचा आकडा नाही, एखादं कुत्रं थोडक्यातही आजारी पडतं. पहिल्या काही तासांत पोटातनं बाहेर काढले तर फार फरक पडतो. तो आत्ता टुणटुणीत दिसतोय म्हणून थांबू नका, किडनीचा त्रास एक-दोन दिवसांनी दिसायला लागतो. आणि घरी मीठपाणी पाजून उलटी करायला अजिबात जाऊ नका, त्या मिठानंच कुत्रं दगावू शकतं. निघताना डॉक्टरांना फोन करा: वजन अठरा किलो, लाडू अकरा, वेळ अमुक.

परड्यातली_जाई · दुपारी ४.३७

निघाले.

बावड्याची_मिनी · संध्याकाळी ६.०५

ताई, काय झालं ते कळवा हो, जीव लागून राहिलाय. आमच्याकडं मांजर आहे. गेल्या वर्षी ती आकाशकंदिलात चढून बसली आणि कंदिलासकट खाली आली. तेव्हापासून कंदील उंच तारेला आणि माळांच्या वायरी पट्टीनं भिंतीला. साफसफाईत कपाटातल्या डांबराच्या गोळ्या निघतात, त्याही लगेच उचला. मांजराला आणि कुत्र्याला दोघांनाही ते विष.

परड्यातली_जाई · रात्री ९.१५

आलो घरी. बंड्या बरा आहे.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत सगळं बाहेर. मी आणि थोरली, दोघी खाली बसून काडीनं बेदाणे मोजत होतो. अकरा सापडले, फुगलेले, अख्खेच्या अख्खे. आणि त्यातच ती तोफ! थोरली दवाखान्यात मोठ्यानं ओरडली, "आई, तोफ!" बाहेर बसलेले लोक आत डोकावले.

आज रक्त घेतलंय, ते चांगलं आलं. सलाईन लावलं, उद्या परत लावायचंय आणि परवा पुन्हा रक्त तपासायचं. त्यांनी सांगितलं की बेदाण्यातलं टार्टारिक आम्ल हे कारण असावं, ते चिंचेतही असतं. म्हणजे आमटीचा कोळसुद्धा लांब ठेवायला हवा. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. दादा, तुम्ही विचारलं नसतं तर मी चकल्यांची भाजणी दळायला गेले असते. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

सासूबाई मघापासून त्याच्याजवळ पोतं टाकून बसल्यात. साखळीचा विषय त्यांनी काढलेला नाही.

गवळ्याचा_पोर · रात्री १०.०२

वहिनी, लई बरं वाटलं वाचून. आता तुमच्या मूळ प्रश्नाचं सांगतो.

किल्ल्यावर तो खोडी म्हणून झोपला नव्हता. या दिवसांत दुपारी ऊन तापतंय, आणि किल्ल्याची माती रोज पाणी मारून गार असते. जनावर गारव्याला जाणारच. माझ्या तिन्ही कुत्र्यांनी हेच केलंय. त्यावर एकच उपाय लागू पडला. परड्यात सावलीला त्याला त्याची स्वतःची माती द्या. दोन पाट्या तांबडी माती, खाली पोतं, सकाळ-दुपार पाणी शिंपडायचं. किल्ल्याची माती ओतताना शिल्लक राहतीच. पहिल्या दिवशी आपण हात धरून नेऊन बसवायचं, तिथंच भाकरी द्यायची. मग तो किल्ल्याकडं बघत नाही.

फराळाचं म्हणाल तर फळीवर काही सुकत ठेवू नका. लोखंडी कपाट, नाहीतर छताच्या हुकाला शिंकं. आमच्या आजीचं शिंकं अजून आहे, मांजरासाठीच बांधलेलं. आणि तुम्ही तळायला बसाल तेव्हा मात्र त्याला दार लावून बाहेरच ठेवा. कढईतल्या तेलाशी खेळ नको.

आमच्या घरी पाडव्याला म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून गल्लीतनं मिरवत नेतात. लहानपणापासून बघतोय, सण जनावराला घेऊनच होतो. बंड्यालाबी त्याचं काहीतरी द्या, बिनसाखरेची, बिनमिठाची भाकरी का असंना. आणि लक्ष्मीपूजनाला फटाके सुरू व्हायच्या आत फिरवून आणा, मग आतल्या खोलीत खिडक्या लावून, जवळ कुणीतरी बसा.

परड्यातली_जाई · सकाळी ७.१०

दादा, माती टाकली. धाकट्यानंच टाकली, पाणीही त्यानंच मारलं. वर एक काडेपेटी ठेवलीय, म्हणतो हा बंड्याचा अंबरखाना, आता माझ्याकडं यायचं नाही. तोफ डेटॉलनं धुऊन परत तीन दरवाज्यावर बसली. अहळीव पुन्हा पेरलाय, लक्ष्मीपूजनापर्यंत उगवेल.

उरलेले वीस लाडू शेजारी वाटले. नवे करताना बेदाण्याच्या जागी चारोळी घालणार आहे आणि तीही डब्यात, कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. गेरूची पावलं सासूबाईंनी पुसू दिली नाहीत. दहाला सलाईनला जायचंय. भाजणी दळायला नवरा गेलाय. तिथून काय दळून आणतोय ते बघूया, डाळीचं प्रमाण त्याला तीनदा सांगितलंय.